गाळपेरावरचे हंस

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर चांदोरी लागलं की उजवीकडे वळायचं. गोदावरीवरचा पूल ओलांडला की सायखेडा. पावसाळ्यात या पुलाची बातमी दरवर्षी ठरलेली असते: नदीला पूर आला, वरून वाहत आलेल्या पाणवेली पुलाला अडकल्या, बाजारपेठेत पाणी शिरलं. हिवाळ्यात मात्र हाच पूल ओलांडून नाशिक-पुण्याच्या गाड्या भल्या पहाटे चापडगावकडे जाताना दिसतात. गाडीत दुर्बिणी, मोठ्या लेन्सचे कॅमेरे आणि झोपेतून उठवून आणलेली मुलं. सायखेड्यापासून काही मैल खाली गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्याच्या फुगवट्यावर जे पक्षी हिवाळा काढतात त्यांना पाहायला ही मंडळी निघालेली असतात.

त्या शेकडो जातींच्या गर्दीत आपल्याला आज एकाच पाहुण्याकडे पाहायचं आहे. त्याचं मराठी नाव पट्टकादंब. काही जण त्याला राजहंसही म्हणतात. हा खरा रानहंस आहे, बदक नाही. वजन दोन ते तीन किलो, अंगाचा रंग फिकट राखाडी, चोच आणि पाय पिवळे-नारिंगी. डोकं पांढरं, आणि त्या पांढऱ्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे: एक या डोळ्यापासून त्या डोळ्यापर्यंत जाणारा, दुसरा त्याखाली मानेच्या सुरुवातीला, थोडा आखूड. आजूबाजूला थापट्या, तलवार बदकं, केशरी रंगाचे चक्रवाक आणि पाण्यावर काळे ठिपके टाकल्यासारखे वारकरी पसरलेले असले तरी हे दोन पट्टे एकदा नजरेत बसले की ओळखीत चूक होत नाही. पक्षीनिरीक्षणाची सुरुवात करणाऱ्याने याच पक्ष्यापासून करावी असं माझं मत आहे, कारण तो मोठा आहे, उघड्यावर बसतो आणि ओळख पटवून घेण्यासाठी फार छळत नाही.

तो इथे का येतो, या प्रश्नाचं सोपं उत्तर ‘तिकडे थंडी पडते म्हणून’ असं दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. निफाड तालुक्यातली थंडी काही कमी नसते. राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून वर्तमानपत्रात जो आकडा छापून येतो तो बऱ्याचदा निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला असतो, आणि त्या रात्री द्राक्षबागायतदार घड वाचवायला बागेत शेकोट्या पेटवून जागत बसतात. अंगावर पिसांचा दाट थर असलेल्या हंसाला त्या थंडीचं काहीच वाटत नाही. त्याची अडचण वेगळी असते. मंगोलिया, तिबेट, चीनमधलं छिंगहाय सरोवर, लडाखमधलं त्सो मोरिरी अशा उंचावरच्या पाणथळींत तो अंडी घालतो. तिथे हिवाळ्यात पाणी गोठतं आणि गवत बर्फाखाली जातं. हंस हा मुळात चरणारा पक्षी आहे. त्याच्या चोचीच्या कडांना बारीक दातेरी कंगोरे असतात, त्यांनी तो गवत, कोवळी रोपं कातरतो. पण गाई-म्हशींसारखं रवंथ करून चाऱ्यातलं सगळं सत्त्व काढून घेणं त्याला जमत नाही. खाल्लेलं झपाट्याने पोटातून पुढे जातं, म्हणून दिवसातले कित्येक तास त्याला चरतच राहावं लागतं. उघडं पाणी आणि ओला हिरवा चारा, दोन्ही शेजारी शेजारी हवं. हिवाळ्यात हे जिथे मिळेल तिथे तो जातो.

सायखेडा-चापडगावच्या पट्ट्यात हे दोन्ही आहे, आणि त्यातलं काहीही निसर्गतः आलेलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे फक्त वाहती नदी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दख्खनमध्ये लागोपाठ दुष्काळ पडले, १८९९-१९०० चा ‘छपन्नचा दुष्काळ’ तर पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी राहिला. त्यानंतर ब्रिटिश सरकारने १९०१ साली सिंचन आयोग नेमला आणि दुष्काळी मुलखासाठी कालव्यांची कामं हाती घेतली. इगतपुरीकडे दारणा नदीवर धरण, आणि खाली नांदूर मध्यमेश्वरला पाणी वळवण्यासाठी दगडी बंधारा, अशी ती जोडी. वरच्या धरणातून नदीत सोडलेलं पाणी या बंधाऱ्याने अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव, राहात्याकडे न्यायचं. साठवण करणं हे त्याचं मुख्य काम नव्हतंच. त्यामुळे फुगवटा पसरट आणि उथळ राहिला.

उथळ पाण्यात नदीचा वेग मंदावला आणि दर पावसाळ्यात वरून आलेली काळी माती तिथे बसत गेली. गोदावरी, दारणा आणि कादवा या तीन नद्यांचा गाळ. दशकं गेली तशी पाण्यात बेटं उठली, त्यांवर पाणकणीस आणि लव्हाळं माजलं, काठाकाठाने गुडघाभर पाण्याची तळी तयार झाली. बंधारा बांधणाऱ्या इंजिनिअरच्या हिशेबात गाळ म्हणजे निव्वळ तोटा. पण डुबी न मारणाऱ्या, मान खाली घालून तळातलं खाणाऱ्या पक्ष्याला खोल धरणाचा उपयोग नसतो, त्याला हेच उथळ पाणी हवं असतं. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटल्याचं सांगितलं जातं. १९८६ साली इथे अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. रामसर हे इराणमधलं गाव, तिथे १९७१ साली पाणथळ जागांच्या जतनाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. एका बंधाऱ्यात साचलेला गाळ अशा रीतीने जगाच्या नकाशावर गेला.

दुसरी गोष्ट चाऱ्याची. कालव्यांनी आणि विहिरींनी बागायत आणली. नोव्हेंबरात गहू पेरला जातो, हरभरा उगवून येतो आणि नेमकं त्याच सुमाराला पट्टकादंबांचे थवे उत्तरेकडून दख्खनमध्ये पोचू लागतात. धरणांच्या काठी आणखी एक प्रकार असतो, गाळपेर. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर ओलीच्या जोरावर पीक घ्यायचं. जायकवाडीच्या नाथसागरावर आणि उजनीच्या काठाने भिगवणकडे हे मोठ्या प्रमाणावर चालतं, आणि पट्टकादंब तिथेही हटकून येतात. हंसाच्या दृष्टीने गाळपेराची जमीन म्हणजे पाण्यापासून चार पावलांवर मांडलेलं ताट.

त्याचा दिनक्रमही त्यावरच बेतलेला असतो. भर दिवसा थवा बेटावर किंवा पाण्याच्या कडेला विसावलेला दिसतो, बरेचसे एका पायावर उभे, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. चरायला बाहेर पडायचं ते संध्याकाळी आणि पहाटे, माणसांची वर्दळ नसताना. कधी कधी रात्रभरही. शेतात उतरल्यावर सगळे एकदम माना खाली घालत नाहीत. दोन-चार जण मान ताठ करून उभे असतात आणि त्यांच्यातल्या एकाने आवाज दिला की सगळा थवा हवेत. आवाजही मोठा, नाकातून काढल्यासारखा, अंधारात तो आधी ऐकू येतो आणि पक्षी नंतर दिसतात. गव्हाचे कोवळे शेंडे खुडले गेले की शेतकऱ्याला राग येणं साहजिक आहे. फुटवे फुटायच्या आधी वरचेवर खुडलं गेलेलं पीक मागे पडतं. कर्नाटकात गदग जिल्ह्यातल्या मागडी तळ्यावर हे पक्षी हजारोंनी येतात आणि आसपासच्या शेतांत चरतात, तरी गावकऱ्यांनी तळं राखलं आणि २०२४ साली त्यालाही रामसरचा दर्जा मिळाला. हिमाचलच्या पोंग धरणावर तर ते दहा-दहा हजारांच्या हिशेबात मोजावे लागतात. नांदूर मध्यमेश्वरची संख्या त्यांच्यापुढे किरकोळ आहे. जगभरात मिळून हा पक्षी लाखभराच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा हिवाळ्यात भारतात असतो हे लक्षात घेतलं तर प्रत्येक छोट्या थव्यालाही मोल आहे.

आता त्या प्रवासाबद्दल, कारण हा पक्षी जगात प्रसिद्ध आहे तो त्यासाठीच. मध्य आशियातून भारतात यायचं तर वाटेत हिमालय आहे. एव्हरेस्टवरच्या १९५३ च्या मोहिमेतले जॉर्ज लो यांनी हे हंस शिखरावरून उडताना पाहिल्याची गोष्ट अनेक पुस्तकांत आली. मकालूच्या परिसरात रात्रीच्या अंधारात डोक्यावरून जाणाऱ्या हंसांचा आवाज ऐकल्याचं लॉरेन्स स्वान या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली लिहिलं. त्यावरून ‘एव्हरेस्ट ओलांडणारा पक्षी’ अशी त्याची ख्याती झाली आणि शाळेच्या प्रश्नमंजूषेत तो याच बिरुदाने येऊ लागला.

पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवायला सुरुवात झाल्यावर चित्र बदललं. २०११ साली लूसी हॉक्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार भारताच्या सपाटीवरून निघालेले हंस सात-आठ तासांत हिमालयाची चढण पार करतात. आणि ते दिवसा डोंगराकडून वर चढणाऱ्या वाऱ्याची मदत घेत नाहीत. शक्यतो रात्री आणि पहाटे, हवा शांत असताना, स्वतःच्या पंखांच्या बळावर जातात. थंड हवा दाट असते. पंखाला तिच्यात अधिक आधार मिळतो आणि प्रत्येक श्वासात थोडा अधिक प्राणवायू येतो. नोंदवली गेलेली सर्वाधिक उंची ७,२९० मीटर, पण बहुतेक उड्डाणं ६,००० मीटरच्या खालीच. म्हणजे एव्हरेस्टच्या माथ्यावरून जाणं हा त्यांचा रोजचा मार्ग नाही. ते खिंडी गाठतात.

इथे मला नेहमी मेघदूताची आठवण होते. रामगिरीवरच्या यक्षाने, तो रामगिरी म्हणजे आपलं नागपूरजवळचं रामटेक असं पुष्कळ जण मानतात, ढगाला अलकेची वाट सांगितली. त्या वाटेवर राजहंस ढगाचे सोबती आहेत, मानससरोवराकडे निघालेले. आणि हिमालय ओलांडायला कालिदासाने त्यांना शिखर दिलेलं नाही, क्रौंचपर्वतातलं एक भोक दिलं आहे, हंसांचं दार. वेळेच्या बाबतीत कवीने सवलत घेतली असावी, कारण पट्टकादंब पावसाळ्याची वाट पाहत थांबत नाहीत, मार्च-एप्रिलमध्येच निघून जातात. मार्गाच्या बाबतीत मात्र यंत्रांच्या नोंदी कवीच्या बाजूने आहेत.

२०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात चार्ल्स बिशप आणि सहकाऱ्यांनी याहून नवलाची गोष्ट मांडली. मंगोलियात पकडलेल्या काही हंसांच्या शरीरात त्यांनी हृदयाचे ठोके, पंखांची हालचाल आणि हवेचा दाब नोंदवणारी छोटी यंत्रं बसवली होती. पर्वतरांगांवरून जायचं तर एकदा वर चढावं आणि त्याच उंचीवर सरळ उडत राहावं, असं आपल्याला वाटेल. हंस तसं करत नाहीत. दरी आली की तिच्यासोबत खाली उतरतात, पुढचा डोंगर आला की पुन्हा चढतात. मिळवलेली उंची सोडून देणं हा वेडेपणा वाटतो, पण हिशेब उलटा आहे. विरळ हवेत स्वतःला तोलून धरायला पंख जास्त जोरात मारावे लागतात, आणि पंखांची गती फक्त ५ टक्क्यांनी वाढली तरी हृदयाचे ठोके १९ टक्क्यांनी आणि उडण्यासाठी लागणारी शक्ती अंदाजे ४१ टक्क्यांनी वाढते. उंचावर टिकून राहणं पुन्हा चढण्यापेक्षा महाग पडतं.

त्या उंचीवर श्वास कसा पुरतो? साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच असतो. सायखेड्याचा माणूस थेट तिथे नेऊन ठेवला तर तो चार पावलांत धापा टाकत खाली बसेल. पक्ष्यांच्या फुप्फुसांची रचनाच आपल्याहून सरस आहे. आपल्या फुप्फुसात हवा ज्या वाटेने येते त्याच वाटेने परत जाते, त्यामुळे शिळी आणि ताजी हवा मिसळते. पक्ष्यांच्या शरीरात हवेच्या पिशव्या असतात आणि त्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहती ठेवतात. हे सगळ्याच पक्ष्यांत आहे, चिमणीतही. पट्टकादंबाकडे त्यावर आणखी काही आहे. त्याची फुप्फुसं त्याच्या आकाराच्या इतर हंसांपेक्षा मोठी, श्वास अधिक खोल, उडण्याच्या स्नायूंत आणि हृदयात केशवाहिन्यांचं जाळं अधिक दाट. आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये एक बारीक फरक. हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीतल्या ११९ व्या जागेवर इतर हंसांत प्रोलीन हे अमिनो आम्ल असतं, पट्टकादंबात अ‍ॅलानीन. एवढ्या एका बदलाने रेणूच्या दोन भागांतली पकड सैल होते आणि हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवतं.

जेसिका मायर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी तर या हंसांना अंड्यातून बाहेर आल्यापासून स्वतःच्या मागे फिरायला शिकवलं, वाढवलं, आणि मग तोंडावर छोटा मुखवटा चढवून वाऱ्याच्या बोगद्यात उडवलं. मुखवट्यातून मिळणाऱ्या हवेतला प्राणवायू कमी करत नेला तरी पक्षी उडत राहिले. त्यांनी शरीरातला खर्च कमी केला, रक्ताचं तापमान उतरलं, आणि थंड रक्त अधिक प्राणवायू वाहून नेतं. हे संशोधन २०१९ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालं. त्याच महिन्यात मायर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेल्या आणि ऑक्टोबरात फक्त स्त्रियांनी केलेल्या पहिल्या अंतराळ-चालीतल्या दोघींपैकी एक ठरल्या.

चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. दिसतं ते कुटुंब. हंसांच्या जोड्या टिकाऊ असतात, आणि त्या वर्षीची पिल्लं आई-बापाबरोबरच दक्षिणेला येऊन पहिला हिवाळा त्यांच्यासोबत काढतात. वाट पिल्लांना अशीच कळते. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांच्या डोक्यावर ते दोन पट्टे नसतात, माथा आणि मानेची मागची बाजू मळकट तपकिरी असते. म्हणून थव्यात बिनपट्ट्यांची डोकी किती आहेत ते मोजलं तर गेला उन्हाळा तिबेट-मंगोलियात कसा गेला याचा अंदाज इथे निफाड तालुक्यात बसून घेता येतो. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून. त्यात नुसत्या आकड्याबरोबर पिल्लांचं प्रमाणही टिपलं तर ते अधिक बोलकं ठरेल.

याच पक्ष्यावर मध्यंतरी एक बालंट आलं. २००५ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूने सहा हजारांहून अधिक रानपक्षी मेले, त्यांत सर्वाधिक पट्टकादंब होते. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांत हा रोग आढळला, भारतातली पहिलीच नोंद. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि संशय आकाशाकडे वळला. त्यानंतर भारतात हिवाळा काढणाऱ्या हंसांवर उपग्रह-ट्रान्समीटर बसवून त्यांचे मार्ग तपासले गेले. रानपक्षी विषाणू वाहून नेऊ शकतात हे खरं, पण पिल्लं, अंडी, खाद्य आणि पिंजऱ्यांची माणसांनी केलेली ने-आण हाही तेवढाच मोठा रस्ता आहे, आणि छिंगहायमध्ये हंस स्वतः बळी होते. मेलेला पाणपक्षी दिसला तर त्याला हात न लावता वनखात्याला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं, एवढं मात्र पाळायलाच हवं.

सायखेड्याचं दुखणं याहून जवळचं आहे. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरांत सायखेडा आणि चांदोरीत पाणी शिरलं. बंधाऱ्यात गाळ साचल्याने पुराच्या पाण्याला जागा राहत नाही आणि फुगवटा गावात येतो, अशी इथल्या लोकांची जुनी तक्रार आहे. गाळ काढा, दरवाजे वाढवा, ही मागणी त्यातूनच येते. ज्या गाळाने पक्ष्यांना बेटं दिली तोच गाळ सायखेड्याच्या दुकानांत येतो, ही गोष्ट पक्षीप्रेमींनी टाळून चालणार नाही. पुरात घर-दुकान गेलेल्या माणसाला रामसरचं प्रमाणपत्र दाखवणं मला तरी बरं वाटत नाही. पण सगळा फुगवटा खरवडून खोल करणं हाही उपाय नाही. नदीच्या मुख्य धारेतला अडथळा मोकळा करणं आणि काठची उथळ तळी, बेटं शाबूत ठेवणं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या करता येतात, त्यासाठी जलसंपदा आणि वनखातं एका टेबलाशी बसावं लागतं. कालव्याच्या आवर्तनांचंही तेच. पाणी एकदम चढलं की बेटं बुडतात, एकदम उतरलं की तळी उघडी पडतात. वेळापत्रक शेतीचंच राहणार, पण चढ-उतार सावकाश ठेवता येतो.

पाणवेलीवर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत व्हायला हरकत नाही. नाशिक शहराच्या सांडपाण्यातली पोषकद्रव्यं गोदावरीत उतरतात आणि पाणवेली त्यावर पोसते. उघडं पाणी झाकलं जातं, पाण्यात प्राणवायू उरत नाही, मासेमारीची जाळी अडकतात, हंसांना उतरायला जागा राहत नाही, आणि पुरात तीच वेल सायखेड्याच्या पुलाला मिठी मारून पाणी तुंबवते. तिचा उगम सायखेड्यात नाही, काही मैल वर नाशकात आहे.

पाहायला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उजाडायच्या आधी चापडगावला पोचा, म्हणजे रात्री चरायला गेलेले थवे पाण्यावर परतताना दिसतील. भडक कपडे नकोत, शेतात शिरून थवा उडवणं तर अजिबात नको, कारण चरायच्या वेळी घेतलेलं प्रत्येक अनावश्यक उड्डाण परतीच्या प्रवासासाठी साठवलेल्या चरबीतून वजा होतं. स्थानिक गाईड घ्या, त्यांना त्या आठवड्यात थवा कोणत्या बाजूला बसतो ते ठाऊक असतं. एखाद्या हंसाच्या गळ्यात अक्षरं-आकडे लिहिलेला रंगीत पट्टा दिसला तर त्याचा फोटो काढून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला (बीएनएचएस) पाठवा. मंगोलियातल्या कुणीतरी तो घातलेला असू शकतो, आणि तो पक्षी कुठून निघून गोदावरीपर्यंत आला याचं उत्तर त्या चार अक्षरांवरून मिळतं.